वेगळं फुलपात्र



हा अंक तुमच्या मोबाइलवर येईल तेव्हा दिवाळीचा फराळ संपलेला असेल. डब्याच्या तळाशी चकलीचा चुरा आणि चिवड्यातल्या मिरच्या तेवढ्या उरल्या असतील. इकडे बालाघाटला थंडी पडायला लागली आहे, सकाळी वैनगंगेकडून धुकं येतं. अशाच एका सकाळी, १ डिसेंबरला, शाळेची मुलं हातात फलक आणि छातीवर लाल फीत लावून आमच्या रस्त्यावरून जातील. दरवर्षी मी फाटकाशी उभी राहून ती फेरी बघते. मुलं गोड दिसतात. मग आत येते आणि कुकर लावते. 'जागतिक एड्स दिन' हे शब्द कुकरच्या शिट्टीत विरून जातात. १९८८ पासून जगभर हा दिवस पाळला जातो, पण तो आजार आपल्या घरातला नाही, आपल्या मंडळातला नाही, मग आपला काय संबंध, असं मनात कुठंतरी असतंच.

या महिन्याचं 'माजघरातून' त्याच विषयावर आहे. आणि सुरुवात माझ्याच घरातल्या एका फुलपात्रापासून करते.

आमच्याकडे एक बाई बरीच वर्षं दिवाळीचं करायला यायची. चकल्या, अनारसे, शंकरपाळे. हात असा की चकलीचा एक काटा मोडायचा नाही. पण पुढे जाण्याआधी एक सांगते. तिचं काम, तिचं गाव, घरची माणसं हे सगळं मी इथे बदललं आहे, आणि हे लिहून झाल्यावर तिला वाचून दाखवलं आहे. तिचा होकार आला तेव्हाच अंकासाठी पाठवलं. तेव्हा वाचताना जी कोणी तुमच्या डोळ्यांपुढे येईल ती ही नव्हे. आणि 'कोण असेल बरं ही?' असं मनात आलंच, तर जरा थांबा. कारण मला त्या प्रश्नाबद्दलच लिहायचं आहे.

तिचा नवरा बाहेरगावी कामाला होता. आपल्या जिल्ह्यातून किती माणसं अशी जातात ते तुम्हाला ठाऊक आहे. धान कापून झालं की नागपूर, हैदराबाद, कुठे कुठे. दिवाळीला, होळीला परत येतात. हा परत आला तो खोकत आला. क्षय निघाला, आणि त्याबरोबर एचआयव्हीही. तो फार दिवस राहिला नाही. मग हिची तपासणी झाली, हिलाही लागण झालेली निघाली. मुलगा मात्र सुटला.

हे मला तिनं सांगितलं नव्हतं. एका हळदीकुंकवाला एक जण माझ्या कानाशी लागली आणि म्हणाली, "तुमच्याकडे करायला येते ना ती? जरा जपून हं." तिला कुणी सांगितलं, तर तिच्या जावेनं. जावेला कुणी, तर तपासणीच्या ठिकाणी काम करणाऱ्या कुणाच्या तरी ओळखीच्यानं. एका बंद पाकिटातली गोष्ट चार तोंडं फिरून वाणाच्या ताटापर्यंत आली होती. आम्ही सगळ्या 'अरेरे, बिचारी' म्हणालो. हे बाहेर आलंच कसं, असं आमच्यापैकी एकीनंही विचारलं नाही. मीही नाही.

त्यानंतर ती एकदा घरी आली, उसने पैसे परत द्यायला. मी चहा दिला. पाणी दिलं. ती गेल्यावर ते फुलपात्र राख लावून घासलं, उकळतं पाणी ओतलं, आणि तरी पुन्हा मांडणीत ठेवायला हात धजेना. मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाजवळ पालथं घातलं. मनात म्हटलं, असू दे, तिच्यासाठी वेगळं. दिवाळी जवळ आली तेव्हा तिचा फोन आला, "काकू, यंदा कधीपासून येऊ?" मी म्हटलं, "अगं, यंदा कुणी येणार नाही, थोडंच करायचंय, माझी मीच करते." ती एवढंच म्हणाली, "बरं काकू." तिनं कारण विचारलं नाही. पुढे कळलं, त्या वर्षी तिला असंच उत्तर सात घरांनी दिलं होतं. सगळ्यांनाच यंदा थोडंच करायचं होतं.

उन्हाळ्यात माझी भाची आली. ती नागपूरला परिचारिका आहे. सकाळी तोंड धुवायला मागे गेली आणि फुलपात्र हातात घेऊनच आत आली.

"मावशी, हे चांगलं फुलपात्र तिथे दगडावर कशाला टाकलंयस?"

मी आधी टाळाटाळ केली. मग सांगितलं. मला वाटलं, शाबासकी देईल, मावशी किती स्वच्छता पाळते म्हणून. ती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मावशी, एचआयव्ही कशानं होतो, सांग बरं मला."

मंडळी, मी बी.ए. झालेली बाई. घरात दोन वर्तमानपत्रं येतात. मी तोंड उघडलं आणि मला धड चार वाक्यं सांगता आली नाहीत. 'ते... वाईट संबंधांतून' इथे सुरुवात झाली आणि 'शिवाय एकमेकांचं उष्टं' इथे मी अडकले. तिनं मला जे समजावलं ते तुम्हालाही सांगते, कारण माझी खात्री आहे की आपल्यातल्या बऱ्याच जणींची अवस्था माझ्यासारखीच असेल.

एचआयव्ही हा विषाणू आहे, एड्स ही त्यानंतरची अवस्था. हे दोन्ही शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो, तिथेच पहिली चूक होते. हा विषाणू शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकी एका विशिष्ट जातीच्या पेशींमध्ये शिरतो आणि त्या हळूहळू संपवतो. औषध घेतलं नाही तर बऱ्याच वर्षांनी अशी वेळ येते की शरीराकडे राखणदारच उरत नाहीत. मग एरवी सहज परतवला असता असा क्षय, न्यूमोनिया, बुरशीचे आजार एकामागून एक घरात शिरतात. त्या अवस्थेला एड्स म्हणतात. लागण झालेल्या प्रत्येकाला एड्स झालेला नसतो, आणि वेळेत औषध सुरू झालं तर ती अवस्था यायचंही कारण नसतं.

हा विषाणू पसरायचे रस्ते मोजकेच आहेत. लागण झालेल्या व्यक्तीशी निरोधाशिवाय आलेला शरीरसंबंध. दूषित रक्त. एकमेकांची वापरलेली सुई. आणि आईकडून बाळाला, गरोदरपणी, बाळंत होताना किंवा अंगावर पाजताना. रक्त, वीर्य, योनीतला स्राव आणि आईचं दूध, या चारांतून तो जातो. थुंकी, घाम, अश्रू यांतून जात नाही. एका ताटात जेवल्यानं, एका फुलपात्रातून पाणी प्यायल्यानं, एकाच संडासात गेल्यानं, हात हातात घेतल्यानं, मिठी मारल्यानं होत नाही.

"आणि डास?" मी विचारलं. आपल्याकडे मलेरिया घरोघरी, तेव्हा हा प्रश्न साहजिकच.

"डासामुळे होत असता तर मावशी, घरातल्या लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना झाला असता. मलेरिया होतो तसा. डासाच्या पोटात हा विषाणू जगत नाही, वाढत नाही."

"आणि चकल्या करताना बोट कापलं तर?"

"तर तुझं बोट कापल्यावर तू जे करतेस तेच ती करेल. धुवून पट्टी बांधेल आणि तेवढं पीठ टाकून देईल. हा विषाणू अंगाबाहेर फार तग धरत नाही. आणि तू तर चकली उकळत्या तेलात तळतेस."

मला हसूही आलं आणि लाजही वाटली.

मग तिनं जी गोष्ट सांगितली ती मला अगदीच ठाऊक नव्हती. या विषाणूवरची औषधं आपल्या देशात १ एप्रिल २००४ पासून सरकारी दवाखान्यांतून फुकट मिळतात. सुरुवातीला शरीरातल्या राखणदार पेशी ठरावीक संख्येच्या खाली गेल्यावरच औषध सुरू करत. २०१७ पासून तसं नाही. लागण दिसली की लगेच औषध सुरू. आता बहुतेक मोठ्या माणसांना दिवसातून एक गोळी पुरते. ती रोज नेमानं घेतली की साधारण सहा महिन्यांत रक्तातले विषाणू इतके कमी होतात की चाचणीत सापडत नाहीत. आणि ज्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, त्याच्याकडून शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला लागण होत नाही. हे अंदाजानं सांगितलेलं नाही. एकाला लागण असलेल्या आणि दुसऱ्याला नसलेल्या शेकडो जोडप्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास करून डॉक्टरांनी हे पाहिलं आहे.

म्हणजे बघा, जी बाई रोज गोळी घेते तिच्याकडून तिच्या नवऱ्यालासुद्धा धोका नाही, आणि मी तिच्या फुलपात्राला घाबरत होते!

विषाणू शरीरातून समूळ जात नाही हे खरं. गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि मनानं बंद केली तर विषाणू पुन्हा डोकं वर काढतो. पण रक्तदाबाची गोळी आपण जन्मभर घेतोच ना? माझ्या डब्यात तीन आहेत. फरक एवढाच, की माझा डबा डायनिंग टेबलावर उघडा असतो आणि तिच्या गोळ्या हळदीच्या रिकाम्या डब्यात, लेबल खरवडून, धान्याच्या कोठीमागे असतात. पाहुणे आले की ती कोठीमागे जाऊ शकत नाही. त्या दिवशीची गोळी चुकते.

भाची म्हणाली, "आमच्याकडे नागपूरला गोंदिया, भंडारा, सिवनी, बालाघाटकडची माणसं येतात. विचारलं, इतक्या लांब कशाला येता, जवळ मिळत नाही का? तर म्हणतात, जवळ ओळखीचं कुणीतरी भेटतं." एका दिवसाची मजुरी बुडवायची, गाडीभाडं घालायचं, घरी खोटं कारण सांगायचं. हे दर खेपेला. कुणाचे पैसे संपतात, कुणाची खोटी कारणं संपतात. मग खेप चुकते. "मावशी, औषध फुकट आहे, चांगलं आहे, लागू पडतं. माणसं तुमच्या नजरेला भिऊन ते सोडतात."

'तुमच्या' म्हणाली. मी ऐकून घेतलं.

ही नजर आली कुठून, याचा मी नंतर बराच विचार केला. आपल्या देशात पहिल्यांदा ही लागण आढळली १९८६ साली, तेव्हाच्या मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सोलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली निर्मला नावाच्या विद्यार्थिनीनं काही देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले होते, त्यांतल्या काहींमध्ये ती सापडली. तिथून तो आजार आणि 'वाईट चाल' यांची आपल्या मनात जी गाठ बसली ती सुटलीच नाही. पुढे भिंतीभिंतींवर कवटी आणि हाडं रंगवून लोकांना घाबरवण्यात आलं. हेतू चांगला असेल, पण लोक विषाणूऐवजी माणसांनाच भ्यायला शिकले.

त्या भीतीनं काय केलं त्याचं उदाहरण गोव्यात घडलं. डॉमिनिक डिसूझा हा तरुण तिथे राहायचा, नेमानं रक्तदान करायचा. १९८९ साली त्या दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला. त्याला आधी कुणी काही सांगितलं नाही. पोलीस आले आणि घेऊन गेले. तेव्हाच्या गोव्याच्या कायद्यात लागण झालेल्याला वेगळं कोंडून ठेवायची तरतूद होती. म्हापशाला क्षयरोग्यांसाठीच्या जुन्या इमारतीत त्याला चौसष्ट दिवस पहाऱ्यात ठेवलं. गुन्हा काय, तर रक्तदान केलं! त्याच्या आईनं, ल्यूसी डिसूझांनी, मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. मित्र, शेजारी रस्त्यावर उतरले. तो सुटला, पण नोकरी राहिली नाही. तरी घरात बसून न राहता त्यानं लोकांशी उघड बोलायला सुरुवात केली आणि अशा माणसांसाठी संस्था उभी केली. १९९२ मध्ये तो गेला. तेव्हा आजच्यासारखी औषधं नव्हती. त्याच्या आयुष्यावरून सुचलेला 'माय ब्रदर निखिल' हा हिंदी चित्रपट २००५ साली आला. तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

तुम्ही म्हणाल, ती तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मग २००९ ची ऐका. लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातलं हासेगाव. तिथे रवी बापटले यांनी एचआयव्हीसह जगणाऱ्या अनाथ मुलांसाठी 'सेवालय' सुरू केलं होतं. ती मुलं गावातल्या शाळेत जाऊ लागली तर पालकांनी आपली मुलं शाळेतून काढून घेतली. ती मुलं असतील तर आमची येणार नाहीत. एका बाकावर बसल्यानं काय होतं? काहीच नाही. पण कुणाला ते नीट ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घेण्यापेक्षा मुलाला घरी बसवणं सोपं होतं. पुढे त्या सेवालयातली मुलं वाढली, शिकली, गाणं-नाच बसवून गावोगाव कार्यक्रम करू लागली, काहींची लग्नं झाली.

या लग्नांच्या गोष्टीनं मला विशेष बरं वाटलं. कारण आईला लागण असली तरी बाळ निरोगी होऊ शकतं, हे आता अगदी नेहमीचं झालं आहे. काहीच उपाय केला नाही तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना आईकडून लागण होते. आईनं गरोदरपणात औषध घेतलं आणि बाळाला जन्मल्यावर औषध दिलं तर हे प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली येतं. म्हणून तर गरोदर बाईची पहिल्या महिन्यांत इतर तपासण्यांबरोबर ही तपासणीही करतात. आपल्या लेकीसुनांना डॉक्टरांनी ती सांगितली तर तोंड वाकडं करायचं कारण नाही. ते संशय घेत नाहीत, बाळाची काळजी घेतात.

आता थोडं कायद्याबद्दल. २०१७ साली संसदेनं एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. त्यानुसार लागण आहे म्हणून कुणाला नोकरीवरून काढता येत नाही, शाळेत किंवा दवाखान्यात नाकारता येत नाही, भाड्याचं घर नाकारता येत नाही. नोकरी देण्यासाठी ही तपासणी करून आणा असं म्हणता येत नाही. माणसाची समजून दिलेली संमती घेतल्याशिवाय तपासणी करता येत नाही. आणि ज्याच्याकडे कामाच्या निमित्तानं ही माहिती आली त्याला ती त्या माणसाच्या संमतीशिवाय बाहेर सांगता येत नाही.

हे वाचलं आणि मला ते हळदीकुंकू आठवलं. आम्ही त्या बाईच्या 'चुकी'बद्दल कुजबुजत होतो. तिची चूक कुठली? लग्नाच्या नवऱ्याबरोबर राहिली ही? खरा अपराध त्या पाकिटातली माहिती बाहेर आणणाऱ्याचा होता, आणि ती पुढच्या कानात घालणाऱ्या आमचाही त्यात वाटा होता. आणि नवऱ्याचं तरी काय? बाहेरगावी एकट्यानं राहणाऱ्या माणसाच्या हातून काय घडलं, कुठल्या सुईतून काय गेलं, ते मला माहीत नाही. माहीत असतं तरी माझं फुलपात्र त्यानं पवित्र किंवा अपवित्र होत नाही. आजार म्हणजे केल्या कर्माची शिक्षा, असं मनात धरलं की दया दाखवण्याआधी आपण चौकशी करतो, निरपराध असेल तरच दया. डॉक्टर अशी चौकशी करून औषध देत नाही. आपण तरी का करावी?

अजून एक सांगते, जरा कडू आहे. भाची गेल्यावर मी ते फुलपात्र हातात घेऊन बसले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ही युक्ती मला कुणी शिकवावी लागली नव्हती. ती मला येतच होती. माझ्या आजोळी, भंडाऱ्याकडे, ओसरीच्या कोनाड्यात कान तुटलेला एक कप असायचा. गडीमाणसांना चहा त्यात. त्यांनी तो स्वतः विसळून पुन्हा कोनाड्यात ठेवायचा. माझ्या एका मावसआजीला क्षय झाला तेव्हा तिचं ताट-वाटी वेगळी झाली, ती बरी होऊन दहा वर्षं झाली तरी वेगळीच राहिली. महारोग्यांना तर गावाबाहेरच. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली त्यांच्यासाठी काम सुरू केलं, पुढे बाबा आमट्यांनी वरोऱ्याला आनंदवन उभं केलं, तेव्हा कुठे आपल्या भागातली माणसं त्यांच्या हातचं खायला शिकली. आनंदवनातल्या भाज्या बाजारात आल्या तेव्हा घ्यायला कुणी तयार नव्हतं, असं आमच्या घरची जुनी माणसं सांगायची. रोग बदलत गेला, माणूस बदलत गेला, तो कान तुटलेला कप मात्र आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. या वेळी तो माझ्या हातात आला होता, इतकंच.

मी ते फुलपात्र मांडणीत ठेवलं. ते करणं सोपं होतं, घरात कुणी बघत नव्हतं. अवघड पुढे होतं.

या दिवाळीआधी मी तिला फोन केला. तिनं आधी उचललाच नाही. दुसऱ्या दिवशी उचलला. मी म्हटलं, "मागल्या वर्षी मी तुला खोटं सांगितलं. यंदा येशील का?" बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, मला माहीत होतं." आणि थोड्या वेळानं, "भाजणी तुम्ही दळून ठेवा, मी सोमवारी येते." ती आली. मी चहा केला, आम्ही दोघी ओट्याशी उभ्यानंच प्यायलो. मी माफी मागितली, तेव्हा तिनं सोऱ्या हातात घेतला आणि म्हणाली, "तेल तापलंय काकू." तिला माझ्या माफीत वेळ घालवायचा नव्हता. चार किलोच्या चकल्या पडायच्या होत्या.

आता माझी परीक्षा सांगते. भाऊबिजेनंतर मंडळातल्या तिघी मैत्रिणी फराळाला आल्या. एकीनं चकली उचलून विचारलं, "काय खुसखुशीत झाल्यात गं! कुणी केल्या?" आणि मंडळी, माझ्या तोंडून निघून गेलं, "घरीच."

म्हटलं तर खरं होतं. केल्या होत्या घरीच. पण मला जे करायचं होतं ते मी केलं नाही. रात्री झोप लागली नाही. हिच्या आजाराबद्दल कुणाला सांगायचा मला अधिकार नाही, ते तर झालंच. पण तिच्या हाताचं कौतुक तिच्या नावावर जमा करायला कुणाची आड होती? तिला कामं हवी आहेत. माझं 'बिचारी' तिला नको आहे. दुसऱ्या दिवशी मी तिघींनाही फोन केला आणि चकल्या कुणी केल्या ते नावानिशी सांगितलं. ज्यांच्या कानावर ती कुजबुज आली नव्हती त्या दोघींनी तिचा नंबर मागितला. तिसरी ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, "मी दोन खाल्ल्या की गं." मी म्हटलं, "मी वीस खाल्ल्या. दुपारी ये, चहा करते, सांगते सगळं." ती आली. माझ्या भाचीनं मला जे सांगितलं ते मी तिला सांगितलं. तिला पटलं की नाही, मला माहीत नाही. जाताना तिनं समोरच्या फुलपात्रातलं पाणी प्यायलं. बहुधा तिच्या लक्षातही आलं नसेल, ते कुठलं फुलपात्र होतं ते.

आता लांबण न लावता चार कामाच्या गोष्टी सांगून थांबते.

कुणालाही शंका असेल, स्वतःबद्दल किंवा घरातल्या कुणाबद्दल, तर जिल्हा रुग्णालयातल्या समुपदेशन आणि तपासणी केंद्रात ही तपासणी फुकट होते आणि गुप्त ठेवली जाते. एका चाचणीवर निकाल ठरवत नाहीत. लागण आहे असं सांगण्याआधी वेगवेगळ्या चाचण्यांनी खात्री करतात. लागण झाल्यावर काही आठवडे, कधी कधी तीन महिन्यांपर्यंत, चाचणीत ती दिसत नाही. म्हणून धोका नुकताच घडला असेल तर केंद्रातल्या माणसांना तसं सांगावं, ते पुन्हा कधी यायचं ते सांगतात. लग्नाआधी दोघांनी आपखुशीनं तपासणी केली तर उत्तम, पण पत्रिकेसारखा तो कागद एकदा बघून निश्चिंत होता येत नाही, हे ध्यानात असू द्यावं.

वापरलेली सुई टोचली, किंवा तसा काही धोका घडला, तर ७२ तासांच्या आत दवाखाना गाठावा. जितक्या लवकर तितकं चांगलं. अठ्ठावीस दिवसांचं औषध असतं, त्यानं लागण टळू शकते.

१०९७ हा सरकारी मदतवाहिनीचा नंबर आहे. फोन फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही. तुम्हाला गरज नसली तरी मोबाइलमध्ये ठेवा. कधी कुणी तुमच्याशी मन मोकळं केलं तर तुमच्याकडे द्यायला काहीतरी हवं.

आणि बोलताना 'एड्सवाली', 'तो एड्सचा पेशंट' असं म्हणू नये. माणूस आधी, आजार मागून. देशात आज सुमारे पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत. त्यांतल्या कुणाच्या हातची पोळी, कुणी शिवलेला परकर, कुणी शिकवलेलं गणित आपल्याकडे नक्कीच आलेलं असेल. आपल्याला कळलं नाही, आणि आपलं काही बिघडलंही नाही.

संक्रांतीचं हळदीकुंकू यंदा माझ्याकडे आहे. तिळाच्या वड्या कोण करणार आहे ते तुम्ही ओळखलंच असेल. वाण म्हणून काय द्यावं याचा विचार चालला होता, तो परवा भांड्यांच्या दुकानात ठरला. सगळ्यांना फुलपात्रं देणार आहे, सगळी एकसारखी.

पुन्हा भेटूच, पुढच्या महिन्यात.